बीज नावाचा स्टुडिओ

"स्टॉक कुठे ठेवता?" साहेबांनी विचारलं.

"कसला स्टॉक?"

"बियाण्याचा."

साहेब कृषी खात्यात निरीक्षक होते. बियाणं, खतं आणि औषधं विकणारी दुकानं तपासणं हे त्यांचं काम. सोबत एक शिपाई होता. बाहेर माणसांची रांग लागली होती. ती आमच्या शटरपासून निघून पानठेल्याला वळसा घालून पुढे कुठवर गेली होती, ते आतून दिसत नव्हतं. आणि मी व माझा पार्टनर शकील, आम्ही दोघं बियाणं विकत नव्हतो. आम्ही लोगो बनवत होतो. निदान बनवायची इच्छा होती. तोवर आम्ही एकच लोगो पूर्ण केला होता. तो आमचाच होता, आणि त्यानेच ही रांग लावली होती.

थोडं मागे जाते.

अमरावतीच्या एका प्रेसमध्ये मी डीटीपी करायचे. डीटीपी म्हणजे कम्प्युटरवर मजकूर टाइप करून पान लावणं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीची पत्रकं, सगळं माझ्या हाताखालून जायचं. शकील तिथेच चित्रं आणि अक्षरं करायचा. तो मूळचा अकोल्याचा. त्याचे वडील आणि आजोबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पुढे फ्लेक्स आला. प्लॅस्टिकच्या कापडावर मशीन तासाभरात पाटी छापून द्यायला लागलं आणि ब्रशचं काम बसलं. शकील कम्प्युटर शिकला आणि अमरावतीत बहिणीकडे राहायला आला. त्याच्या हातातलं अक्षर मात्र गेलं नव्हतं. प्रेसच्या संडासावर त्याने 'पाणी टाका' असं लिहिलं होतं, तेही बघत राहावं असं.

कापसाची ती वाईट वर्षं होती. कापूस बसला की अख्खी बाजारपेठ बसते. लोक दोन रंगांची पत्रिका सोडून एका रंगाची छापतात. दुकानदार म्हणतो, पाटी पुढच्या वर्षी पाहू. आमच्या मालकांनी प्रेस अर्धा केला आणि त्या अर्ध्यात आम्ही दोघं बसलो नाही. मग आम्ही ठरवलं की आपलाच स्टुडिओ काढायचा. माझ्या नवऱ्याने फक्त एवढंच विचारलं, "या सालात?"

गाळा मिळाला कॉटन मार्केट रोडवर. डाव्या हाताला कृषी केंद्र, उजव्या हाताला कृषी केंद्र, मधे आम्ही. डावीकडचं केंद्र आमच्या गाळ्याचे मालक गावंडे काका चालवायचे. माणूस साठीचा, अंगात बंडी, तोंडात सुपारी. बोलणं असं की पुण्याच्या माणसाला वाटावं भांडण चाललंय.

मग नावाचा प्रश्न आला.

लोकांना नाव सुचवणं सोपं असतं. समोरचा आपल्याला ब्रीफ देतो. ब्रीफ म्हणजे आपण कोण, काय विकतो आणि कोणाला विकतो, हे त्याने थोडक्यात सांगणं. आम्हाला ब्रीफ देणारे आम्हीच होतो, आणि आम्हाला तिन्हींपैकी एकही गोष्ट धड सांगता येत नव्हती.

पहिल्यांदा दोघांच्या नावांतली अक्षरं जोडून पाहिली. विद्या आणि शकील. झालं 'विश'.

शकील म्हणाला, "ताई, लोक विष वाचतीन. आजूबाजूले औषधायचीच दुकानं हायेत."

उलटं केलं तर 'शवि' होत होतं. ते आम्ही मोठ्याने वाचलंसुद्धा नाही.

मग 'ठिपका' सुचलं. सगळं चित्र ठिपक्यापासून सुरू होतं, असा त्यामागचा विचार. शकीलच्या अम्मीने फोनवर विचारलं, "कपड्यावर पडला का?" ठिपका गेला.

'रेघ' मला फार आवडलं होतं. गावंडे काकांनी ऐकलं आणि म्हणाले, "कोनती? दारिद्र्याची?"

इंग्रजीत जाऊ म्हणून 'पिक्सेल' काढलं. कम्प्युटरवरचं चित्र ज्या बारीक चौकोनांचं बनतं, त्यातला एक चौकोन म्हणजे पिक्सेल. काकांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "पीक सेल? पिकाचा सेल लागून राहिला का?"

आम्ही दोघं हसलो. खरं तर तिथेच सावध व्हायला हवं होतं. त्या रस्त्यावर कुठलाही शब्द टाकला तरी तो शेतातच उगवत होता. आम्ही काकांना अडाणी समजलो आणि पुढे गेलो.

'बीज' मला घरी भाकरी थापताना सुचलं. प्रत्येक धंद्याच्या मुळाशी एक कल्पना असते, तेच बीज. ते आम्ही रुजवणार. दुसऱ्या दिवशी शकीलला सांगितलं. त्याने कागद ओढला आणि लिहायला लागला.

त्याने केलेला लोगो आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. लोगो म्हणजे धंद्याची सही समजा. एकदा पाहिली की ओळखू यावी. त्याने 'बीज' हा शब्द जाड, गोलसर अक्षरांत लिहिला. 'बी'ची दीर्घ वेलांटी शिरोरेघेवर चढते आणि वळते. त्या वळणाच्या टोकाला त्याने दोन कोवळी पानं फोडली. अक्षरं मातीच्या रंगाची, पानं पोपटी. खाली ओळ होती, 'विचार पेरा, व्यवसाय उगवेल'. ती माझी. आणि त्याच्याही खाली, बारीक राखाडी अक्षरांत, 'डिझाइन स्टुडिओ'.

ते बारीक कशासाठी? तर आमच्या धंद्यात हायरार्की नावाची एक गोष्ट असते. कशावर नजर आधी पडावी आणि कशावर नंतर, याचा क्रम. आम्हाला वाटलं, डिझाइन स्टुडिओ असं ठळक लिहिणं गावंढळ दिसेल. जाणत्याला कळेलच.

फ्लेक्स लागला तेव्हा काका बाहेर येऊन पाहत उभे राहिले.

"मुगाचं हाय का?"

"काका, ते कल्पनेचं बीज आहे."

"कल्पना? कोनत्या कंपनीचं वाण?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली. उजवीकडच्या केंद्रातला माणूस म्हणाला, पानावरून सोयाबीन वाटते. पानठेलेवाला म्हणाला, भुईमूग. शकील खूश होता. "लोक बोलून राहिले ना ताई, म्हंजे लोगो चालला."

मे महिना संपत आला होता. पहिले काही दिवस कोणीच आलं नाही. आम्ही एकमेकांची व्हिजिटिंग कार्डं केली. नमुने दाखवायला हवेत म्हणून शकीलने बियाण्याच्या पाकिटांच्या डमी बनवल्या. डमी म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवायचं खोटं पाकीट. त्या काळात आमच्या भागात पोटभर जाहिरात कोणी करत असेल तर बियाण्याच्या कंपन्या. एखादीचं काम मिळालं तर वर्ष निघेल, असा हिशेब. पाकिटांवर त्याने 'नमुना सीड्स' असं नाव टाकलं आणि कपाशीचं इतकं टपोरं बोंड काढलं की खरं बोंड लाजावं. पाकीट रिकामं असलं की उभं राहत नाही, म्हणून त्यांत फुटाणे भरले आणि वरून शिवून घेतली. ती कपाटात नीट मांडून ठेवली.

आणि जून लागला.

त्या वर्षी कपाशीच्या एका वाणामागे सगळा जिल्हा लागला होता. ते बियाणं कमी आलं होतं. आज गाडी येणार, उद्या येणार, असं चाललं होतं. लोक सकाळीच येऊन कृषी केंद्रांसमोर आपापल्या पिशव्या आणि चपला रांगेत ठेवायचे.

आमच्याकडे पहिला माणूस आला तो थेट काउंटरवर टेकला. "दोन बॅगा देजा."

"कसल्या?"

"जे असन ते."

मी म्हणाले, "भाऊ, इथे बियाणं मिळत नाही."

त्याने वर फ्लेक्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग भिंतीला लावलेल्या कागदाच्या रिमच्या खोक्यांकडे. "संपलं म्हना ना मंग. मिळत नाही काहून म्हनता?"

तो गेला तो दोघांना घेऊन आला. त्यांनाही मी तेच सांगितलं. इथे मला एक गोष्ट शिकायला मिळाली. टंचाईच्या दिवसांत 'नाही' या शब्दाचा अर्थ 'लपवून ठेवलं आहे' असा होतो. मी जितकं ठामपणे नाही म्हणत होते, तितकी लोकांची खात्री पटत होती. बाकीचे दुकानदार तरी म्हणायचे, उद्या या. साफ नाही म्हणणारी मी एकटीच होते. म्हणजे माझ्याकडे नक्कीच पुष्कळ असणार.

दुसऱ्या दिवशी शटर उघडायला गेले तर पायरीवर चपलांची रांग. शकील बडनेऱ्याहून, बहिणीच्या घरून यायचा, त्याला पोचायला थोडा उशीर झाला. तो आत शिरायला लागला तर लोकांनी त्याला धरलं. "ओ भाऊ, लायनीत या."

"अरे मी मालक हावो."

"सगळेच मालक हायेत. लायनीत या."

तो खरंच थोडा वेळ रांगेत उभा राहिला.

गावंडे काकांनी मला बाजूला घेतलं. चेहरा लाल. "विद्या, मी तुले गाळा देल्ला तो चित्रं काढाले. तू मायाच धंद्यात काहून उतरली?"

"काका, तुमच्यासमोर फ्लेक्स लागला ना?"

"तेच म्हनतो. आधी म्हने कल्पनेचं हाय."

आणि मग कोणीतरी तक्रार केली. 'बीज' नावाचं नवीन केंद्र बियाणं दाबून बसलंय. म्हणून साहेब आले.

"परवाना?" साहेबांनी विचारलं.

"परवाना नाही साहेब, कारण आम्ही..."

"परवाना नाही," साहेब शिपायाला म्हणाले.

त्यांनी खोकी उघडायला लावली. पहिल्यात कागद. दुसऱ्यात कागद. तिसऱ्यात लग्नपत्रिकांचे नमुने. रांगेतले पुढचे लोक आत डोकावून पाहत होते आणि मागच्यांना सांगत होते. 'अजून निघालं नाही', 'आता कपाट उघडून राहिले'.

शिपायाने कपाट उघडलं. 'नमुना सीड्स'ची पाकिटं ओळीने उभी होती. टपोरी बोंडं. दारातून एक हुंकार आला, तो थेट पानठेल्यापर्यंत गेला.

त्या वर्षांत बोगस बियाण्याचा सुळसुळाट होता. लोक खोटी पाकिटं छापून काहीही भरून विकायचे, आणि शेतकऱ्याचा अख्खा हंगाम जायचा. तो गुन्हा होता, आणि असायलाच हवा होता. आता आमच्या दुकानात विनापरवाना, अस्तित्वातच नसलेल्या कंपनीची, शिवलेली, भरलेली पाकिटं होती. बाहेर साक्षीदारांची रांग होती.

"हे काय?" साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. ते जास्त भीतिदायक होतं.

"साहेब, ते डमी," शकील म्हणाला.

"डमी म्हणजे डुप्लिकेट?"

"नाही, नाही साहेब. डमी म्हंजे, म्हंजे खोटं."

"तेच म्हणतोय मी."

मी शकीलला गप्प राहायची खूण केली. शिपायाने पाकीट फाडलं. साहेबांनी हातावर ओतून घेतलं, उजेडात धरलं, बोटाने चाळवलं. मग एक दाणा तोंडात टाकला.

साहेब चावत राहिले. "हे भाजलेले आहेत."

"हो साहेब," मी म्हणाले. "फुटाणे आहेत. उगवणार नाहीत."

साहेबांनी अजून दोन टाकले. त्यांची पंचाईत दिसत होती. बियाण्याच्या कायद्यात फुटाण्यांचं काय करायचं, ते बहुधा कुठेच लिहिलेलं नसावं.

एवढ्यात गावंडे काका आत आले. मला वाटलं, आता संपलं. काका म्हणाले, "साहेब, मले बोलाचं हाय. ह्या दोघायले बियान्यातलं काहीच समजत नाही. हे काय दाबतीन?"

"कशावरून?"

काका आपल्या दुकानात गेले आणि मूठभर काळे दाणे घेऊन आले. माझ्यासमोर मूठ उघडली. "सांग, काय हाय?"

मी नीट पाहिलं. कधी नव्हे ती अक्कल लावली. "काळे तीळ."

"कांद्याचं बी हाय साहेब," काका म्हणाले. मग शकीलकडे वळले. "तू सांग."

"आता तुमीच सांगतलं ना काका."

"मी सांगतलं नसतं तं?"

"मिरी," शकील म्हणाला.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. आयुष्यात मी बऱ्याच परीक्षा दिल्या, पण नापास होऊन सुटले ती एवढीच.

साहेब म्हणाले, "ती पाकिटं माझ्यासमोर फाडा. आणि आत्ताच्या आत्ता बाहेर पाटी लावा. स्पष्ट."

पाकिटं फाडली. फुटाणे शिपायाने रुमालात बांधून घेतले, ते पुरावा म्हणून की कशासाठी, मी विचारलं नाही. पाटी वर लागेपर्यंत साहेब आत चहा घेत बसले. काकांच्या गोदामात पत्र्याचा एक जुना तुकडा होता. शकीलने लाल ऑइल पेंटचा डबा उघडला. पेन्सिलची खूणसुद्धा न करता त्याने ब्रश टेकवला. 'इथं बियाणं मिळत नाही.' एका दमात. 'नाही' सगळ्यात मोठं. रांगेतले लोक त्याच्याभोवती उभे राहून एकेक अक्षर मोठ्याने वाचत होते. शेवटचं वाचून झालं. एकेकाने आपली चप्पल पायात घातली आणि निघाला.

एक बाई तेवढी गेली नाही. चांदूर बाजारकडच्या कुठल्या तरी गावाची होती, चाळिशीची, डोक्यावर पदर, हातात रिकामी पिशवी.

"मी सकाळपासून इथं उभी हावो," ती म्हणाली. "माया तिकडच्या दुकानात नंबर होता. तुमची लाइन लहान दिसली म्हून इकडे आली. तिकडचं संपलं आता."

मी सॉरी म्हणाले. तिला त्याचं काही नव्हतं. तिने फ्लेक्सकडे बोट केलं. "मिळत नाही तं बीज काहून लिवलं?"

जाणत्याला कळेल म्हणून, हे उत्तर मला देता येईना. सुटल्याचं हसू माझ्या चेहऱ्यावरून गेलं. आमचा विनोद चालला होता, तिची पेरणी हातची चालली होती.

तिला मी बाकड्यावर बसवलं आणि काकांकडे गेले. काकांनी आपल्या शेतासाठी दोन बॅगा बाजूला काढून ठेवल्या होत्या, हे त्यांनीच मला आधी बढाई मारत सांगितलं होतं.

"काका, त्यातली एक द्या."

काका कुजबुजले, "तुया दुकानात साहेब बसून राहिला, अन् तू मले काउंटरखालची बॅग मागून राहिली?"

"छापील भावात द्या. बिल करून द्या."

"बिल तं मी नेमीच फाडतो. पन तो इकडे आला अन् इचारलं, ही कुठून आली, तं?"

मी परत आले, त्या बाईला काकांकडे पाठवलं आणि शकीलच्या कानात सांगितलं, साहेबांना थोडा वेळ हलू देऊ नकोस. शकीलला दुसरं काही सुचलं नाही. त्याने विचारलं, "साहेब, तुमच्या घराले नाव हाय का?"

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांचं घर नुकतंच बांधून झालं होतं आणि नाव ठरत नव्हतं. वडिलांच्या नावावर ठेवावं तर सासरे नाराज. आईच्या नावावर ठेवावं तर गल्लीत तीन 'मातोश्री' आधीच होत्या. त्यांना स्वतःला 'कृषिकिरण' आवडलं होतं, पण बायकोचं म्हणणं पडलं की ते खताचं नाव वाटतं. शकीलने कागद पुढे ओढला. एकेक नाव तो लिहून दाखवत गेला आणि साहेब लांब धरून, जवळ धरून पाहत गेले. शिपायाने 'सावली' सुचवलं. साहेब म्हणाले, सावली सरकारी वाटते. मी दारात उभी राहून पाहत होते. काकांच्या दुकानातून ती बाई बाहेर पडली, भरलेली पिशवी छातीशी धरून. माझ्याकडे पाहिलं नाही. पाहायचं कारणही नव्हतं. नंतर ती कधी दिसली नाही.

साहेब उठले तेव्हा घराचं नाव ठरलेलं नव्हतं. पण नेमप्लेटचं काम आम्हाला द्यायचं, हे ठरलं होतं. आमचं पहिलं काम. जाताना ते म्हणाले, "अक्षर मात्र बाहेरच्या पाटीसारखं पाहिजे. फ्लेक्ससारखं नको."

फ्लेक्स त्याच संध्याकाळी उतरवला. पत्रा तसाच ठेवला, कारण हंगाम संपेपर्यंत धोका होता. आणि मग गंमत झाली. रस्त्यापलीकडून, चालत्या एसटीतून, कुठूनही वाचता येईल अशी पाटी त्या रस्त्यावर ती एकच होती. एक डॉक्टर आले आणि म्हणाले, मला असाच बोर्ड हवा. मग एक कापड दुकानदार आला. पुढे वरूडहून एक संत्र्याचा व्यापारी आला. त्याला खोक्यांवर छापायला डिझाइन हवं होतं. त्याने कॉटन मार्केट रोडवर विचारलं, ते बियाणं न विकणारे कुठे बसतात? चार जणांनी हात केला.

आम्ही दुसरं नाव शोधत होतोच. शोधून होईपर्यंत लोकांनी वाट पाहिली नाही. फोन उचलला की पलीकडून प्रश्न यायचा, "बियाणं नाही का?" शकील म्हणायचा, "हो, बियाणं नाहीच बोलून राहिलो."

शेवटी बँकेत खातं काढायची वेळ आली. मी नाव सांगितलं, 'बियाणं नाही डिझाइन स्टुडिओ'. काउंटरवरचा माणूस माझ्याकडे पाहत राहिला.

"मॅडम, हे नाव आहे की सूचना?"

मी म्हणाले, "दोन्ही."

त्याने लिहून घेतलं. आजही तेच चालू आहे. लोगो असा आम्ही परत केलाच नाही. पाटीवरचं शकीलचं लाल 'बियाणं' आणि 'नाही' जसंच्या तसं उचललं, तोच लोगो. फरक एवढाच की त्याखाली 'डिझाइन स्टुडिओ' हे शब्द जोडले, आणि ते बारीक नाहीत.

आता नवीन मुलं-मुली स्क्रीनवर लोगो दाखवायला आणतात. चांगले असतात. रंग, रिकामी जागा, सगळं नीट. मी त्यांना एकच सांगते. मंजूर करायच्या आधी प्रिंट काढा, जिथे लागणार आहे तिथे घेऊन जा, आणि पलीकडच्या फुटपाथवर उभं राहून येणारे-जाणारे काय मागतात ते ऐका. शक्यतो जून महिन्यात.